मडगाव, कोल्हापूर की मुंबई? कोकणातल्या मुलीची फुटबॉल कारकीर्द

तेरा ते सतरा या वयात मुलगी पूर्ण आकाराच्या मैदानावर, अकरा विरुद्ध अकरा असे किती सामने खेळली, यावर तिची फुटबॉल कारकीर्द होणार की नाही हे बरंचसं ठरतं. बूट कुठले, गोल किती, व्हिडिओला लाइक किती, हे सगळं नंतर. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुली मागे पडतात त्या इथेच. कबड्डी आणि खो-खोवर वाढलेल्या मुलींचा दिशा बदलण्याचा वेग कुठल्याही प्रशिक्षकाला हवासा वाटेल असा असतो. कमी पडतात ते सामने.

शालेय स्पर्धांचं गणित बघा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशा पायऱ्या. सुब्रतो करंडक ही शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, तिचा १७ वर्षांखालील मुलींचा गटही याच वाटेने जातो. खालच्या पायऱ्यांवर सामने बाद पद्धतीचे. तालुक्यात मुलींचा दुसरा संघच नसतो, म्हणून पुढे चाल मिळते. जिल्ह्याला एक-दोन सामने होतात. मग विभागात गाठ पडते ती कोल्हापूरशी, कारण क्रीडा खात्याच्या रचनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात (रायगड आणि पालघर मुंबई विभागात). कोल्हापूर म्हणजे पेठापेठांत फुटबॉल मुरलेलं गाव. तिथल्या संघाकडून पाच-सहा गोल खाऊन मुली परत येतात आणि वर्षाचा खेळ तिथे संपतो. त्यातही शालेय सामना पूर्ण नव्वद मिनिटांचा नसतोच.

मध्यंतरी गावोगावी जाळीतले कृत्रिम गवताचे टर्फ झाले आणि पालकांना वाटलं, चला, सोय झाली. पाच-पाच जणींच्या खेळाने पायाची सफाई येते, ते खरं. पण तिथे ऑफसाइड नसतो, उंच चेंडू येत नाही, बचावफळीच्या पाठीमागे तीस मीटर मोकळी जागा नसते. विंगर आणि साइड बॅक या मैदानाच्या कडेने खेळायच्या जागांचं शिक्षण टर्फवर होऊच शकत नाही. सगळ्यात जास्त नुकसान गोलरक्षक मुलीचं होतं. टर्फचा गोल लहान, खरा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. क्रॉस (कडेने गोलसमोर मारलेला चेंडू) आला की पुढे यायचं की रेषेवर थांबायचं, हा निर्णय तिने कधी घेतलेलाच नसतो, आणि चाचणीत पहिल्या दहा मिनिटांत ते उघडं पडतं. पूर्ण मैदान मिळत नसेल तर निदान ७० बाय ५० मीटरची जागा आखून आठ-आठ किंवा नऊ-नऊ जणी खेळवा, ऑफसाइडसकट. मुली कमी पडल्या तर १४-१५ वर्षांचे मुलगे घ्या, बिघडत काही नाही. चेंडू बारा वर्षांपर्यंत ४ नंबरचा, पुढे ५ नंबरचा. लहान मुलीला मोठा चेंडू दिला की ती पायाच्या टोकाने मारायला शिकते आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

वर्षाला पंचवीसेक पूर्ण सामने हे उद्दिष्ट धरलं, तर पुढचा प्रश्न येतो दिशेचा. कोकण लांबट आहे आणि प्रत्येक जिल्ह्याचं दार वेगळीकडे उघडतं.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले इथल्या मुलींनी मुंबईकडे बघत बसू नये. रेल्वेने दीड-दोन तासांत मडगाव येतं, आणि तिथल्या फातोर्ड्याच्या मैदानावर २०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाचे उपांत्य सामने झाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोव्यात गावागणिक मैदान आहे आणि गोवा फुटबॉल असोसिएशनची महिला लीगही आहे. अडचण कागदांची. खेळाडूची नोंदणी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत क्लबमार्फत होते आणि एका वेळी एकाच क्लबकडे राहते. सिंधुदुर्गातल्या क्लबकडे नोंद असताना गोव्यातल्या क्लबकडून अधिकृत सामना खेळता येत नाही. आधी हस्तांतर करावं लागतं, आणि त्याच्या मुदती ठरलेल्या असतात. गावातल्या एखाद्या क्लबने ‘नुसतं नाव घालून ठेवतो’ म्हटलं की लोक हो म्हणतात आणि ऐन हंगामात मुलगी अडकते. सही करण्याआधी विचारा: यंदा क्लब कुठली लीग खेळणार आहे? उत्तर नसेल तर नोंदणी नको.

रत्नागिरी, राजापूर, कणकवली, वैभववाडी या पट्ट्याला कोल्हापूर सोयीचं. रत्नागिरीहून आंबा घाटाने साधारण १३० किलोमीटर, कणकवलीहून फोंडा घाट, वैभववाडीहून गगनबावडा. रोजचं जाणं-येणं अशक्य, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद. त्यामुळे इथे पर्याय दोनच. दर शनिवार-रविवार सामन्यासाठी जायचं, नाहीतर आठवीनंतर नातेवाईकांकडे किंवा वसतिगृहात ठेवून तिथल्याच शाळेत घालायचं. दुसरा पर्याय घ्यायचा तर आठवी-नववीत घ्यावा. दहावीनंतर हलवलेली मुलगी १७ वर्षांखालच्या गटातून बाहेर पडायच्या बेतात असते, आणि निवड समित्यांची नजर त्याच गटावर सर्वांत जास्त असते.

अलिबाग, पेण, पनवेलकडच्यांचं त्यातल्या त्यात सोपं. मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरलं की कूपरेजचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर, आणि महाराष्ट्राचा फुटबॉल चालवणाऱ्या विफाचं ते घरच. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात हे लक्षात ठेवून जून ते ऑगस्टचा प्रवास रस्त्याने किंवा गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने धरावा. विफाची महिला लीग ही महाराष्ट्रातल्या क्लबांना इंडियन विमेन्स लीग या देशातल्या सर्वोच्च महिला लीगच्या दिशेने नेणारी पायरी आहे. तिथे राखीव खेळाडू म्हणून बसण्यापेक्षा खालच्या संघात पूर्ण नव्वद मिनिटं खेळणं केव्हाही बरं. मोठ्या क्लबची जर्सी घालून बाकावर घालवलेला हंगाम सामन्यांच्या हिशोबात शून्य असतो.

आता जमीन आणि पाऊस. या विषयावर मुंबई-पुण्याचे प्रशिक्षक देतात ते सल्ले इथे लागू पडत नाहीत. कोकणातली बहुतेक मैदानं जांभ्यावरच्या पातळ मातीची. मार्च ते मे ती दगडासारखी असतात आणि त्यावर गवतासाठीचे लांब स्टडचे बूट घातले की स्टड जमिनीत रुततच नाहीत. सगळा भार चार-पाच टोकांवर येतो, तळव्याला फोड येतात, टाच दुखते आणि वळताना पाय कधी घसरतो, कधी अडकतो. कोरड्या जांभ्यावर बारीक रबरी गुंडीचे टर्फ बूटच हवेत. स्टडचे बूट पावसाळ्यातल्या चिखलासाठी आणि गवतासाठी. म्हणजे दोन जोड लागतात. एकच परवडत असेल तर टर्फ बूट घ्या, ते वर्षातले आठ महिने चालतात. मुलींचा पाय टाचेला अरुंद असतो आणि दुकानात येतो तो माल पुरुषांच्या मापाचा. टाच उचलली जाते म्हणून मुली दोन मोजे घालतात, आणि त्यानेच फोड येतात. त्याऐवजी नाडी सगळ्यात वरच्या भोकातून ओवून टाच आवळावी. ओले बूट चुलीपाशी वाळवू नयेत, डिंक सुटतो; आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवावेत आणि कागद दोनदा बदलावा.

पावसाळ्यात मैदान गेलं की किनारा उरतो. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू सरावाला उत्तम. तिची वेळ काढायला ॲपसुद्धा नको. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, हे हिशोब घराघरात ठाऊक आहेत. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळचा सराव गेला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या, शिवाय उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे जातं, त्यामुळे पट्टाही रुंद मिळतो. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. तेव्हा महिन्याचं वेळापत्रक असं लावावं: पौर्णिमा-अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन दिवस किनाऱ्यावर चेंडू, अष्टमीच्या आसपास शाळेच्या व्हरांड्यात किंवा सभागृहात ताकदीचे व्यायाम. उधाणाच्या पावसाळी समुद्राजवळ चेंडू आणायला कुणी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम मात्र कडक हवा.

वाळूचे तोटेही आहेत. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने धावलं की एका पायावर कायम जास्त ताण पडतो. जितकं जाल तितकंच उलट्या दिशेने या. आणि कोरडी, भुसभुशीत वाळू पोटरीला आणि टाचेच्या शिरेला ओढते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. वाळूवरचे पासही फसवे असतात, चेंडू थांबतो आणि मुलीला जोरात मारायची सवय लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरात मैदानावर परतल्यावर पहिले आठ-दहा दिवस फक्त जमिनीवरून पास आणि पहिला स्पर्श, एवढंच घ्या. भात कापल्यावर शेतं मोकळी होतात, पण धसकटांत आणि ढेकळांत घोटा मुरगळतो. तिथे क्रिकेटवाल्यांनी आधीच रोलर फिरवलेला असेल तरच जा.

गुडघ्याबद्दल थोडं सविस्तर. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडी मारून उतरताना किंवा जोरात वळताना गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि काम होतं. शस्त्रक्रिया झाली तर परत खेळायला निदान नऊ महिने, घाई केली तर पुन्हा तुटण्याची भीती. सतराव्या वर्षी हे झालं की निवडीचा सगळ्यात मोलाचा हंगाम हातातून जातो. एक साधी तपासणी करता येते. गुडघाभर उंचीच्या ओट्यावरून मुलीला खाली उडी मारून लगेच वर उडायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. उतरताना गुडघे एकमेकांकडे येत असतील तर मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर काम हवं.

यासाठी ‘फिफा ११+’ हा वॉर्मअप आहे. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं: आठ मिनिटं हळू धावणं आणि सांधे मोकळे करणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. साहित्य लागत नाही, आठवड्यातून निदान दोनदा हवा. सगळीकडे होते ती चूक म्हणजे मधली दहा मिनिटं कंटाळवाणी म्हणून गाळणं. उपयोग त्या दहा मिनिटांचाच आहे.

खाण्यापिण्यात कोकणी घर तसं नशीबवान. ५५ किलोच्या, रोज सराव करणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण ८०-९० ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस, एका अंड्यात सहा. खरी पंचाईत श्रावणात होते. मासे बंद, बऱ्याच घरांत अंडीही बंद, सोमवार-शनिवारचे उपास साबुदाण्यावर, आणि शालेय स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. घरात नियम पाळायचेच असतील तर कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी, दही, शेंगदाणे यांचं प्रमाण दुप्पट करा, आणि सामन्याच्या दिवशी उपास नको. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली गेलं म्हणजे पंडुरोग, पण त्याच्या आधीच फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, घसरलेलं असतं. दुसऱ्या अर्धात पाय जड होणं हे बऱ्याचदा त्याचंच लक्षण असतं आणि प्रशिक्षक त्याला आळस म्हणतात. जेवणासोबत चहा घेतला की लोह नीट शोषलं जात नाही, तासाभराचं अंतर ठेवा. पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘सरावाने होतं’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय असा त्याचा अर्थ असू शकतो आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडे जा.

इथल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितके किलो कमी झाले त्याच्या सव्वा ते दीड पट लिटर पाणी पुढच्या काही तासांत पोटात गेलं पाहिजे. साखर-मिठाच्या पाण्याचं प्रमाण: एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. कोकमाचं आगळ घालणार असाल तर मीठ कमी करा, आगळात ते आधीच असतं.

चाचणीला जाताना लागणारे कागद: जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, आणि तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच. जन्माची नोंद उशिरा झालेली असेल तर वयावर शंका घेतात, तेव्हा इतर पुरावे आधीच जमवा. दमाची चाचणी बहुधा यो-यो पद्धतीची: २० मीटर जाऊन परत, मध्ये दहा सेकंद विश्रांती, दर थोड्या वेळाने वेग वाढतो. नुसतं किनाऱ्यावर लांब धावून ती जमत नाही, थांबून-वळून पुन्हा सुटण्याचा सराव लागतो. प्रत्यक्ष खेळात बघणाऱ्यांचं लक्ष चेंडू येण्याआधी मुलगी मान वळवून आजूबाजूला बघते का, आणि डावा पाय चालतो का, याकडे असतं. ड्रिब्लिंगवर भाळणारे निवडकर्ते कमी. एक महत्त्वाचं: चाचणीत भाग घेण्यासाठी किंवा ‘क्लबमध्ये लावून देण्यासाठी’ मोठी रक्कम मागणारा माणूस दिसला की मागे फिरा. खऱ्या एजंटकडे फिफाचा परवाना असतो आणि त्यांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर बघता येते.

समजा सगळं जमलं आणि क्लबचा करार समोर आला. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. गोकुलम केरळाने सलग तीन वेळा जिंकली, मग ओडिशा एफसी, मग २०२४-२५ मध्ये ईस्ट बंगाल. त्या हंगामात आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला १४ सामने, जानेवारी ते एप्रिलमध्ये उरकलेले. एआयएफएफने २०२३ मध्ये ठरवलं की या लीगमधल्या क्लबांनी निदान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा व्यावसायिक करार करावा. महिन्याला सत्तावीस हजारांच्या जरा खाली. संघात पंचवीस जणी असतात, त्यामुळे आपण त्या दहांत आहोत का, हे स्पष्ट विचारावं.

करार इंग्रजीत असतो, तो घरी आणून वाचा. मुदत किती महिन्यांची? पगार बारा महिने की फक्त लीगचे चार? राहणं-जेवण पगारात धरलंय की वेगळं? आणि सर्वांत महत्त्वाचं: दुखापत झाली तर शस्त्रक्रिया, फिजिओ आणि त्या काळातला पगार कोण देणार? हे कलम नसलेल्या करारावर सही करू नये. एसीएलचा खर्च वर्षाची कमाई खाऊन टाकतो. फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा लांब नसावा, आणि वैद्यकीय तपासणीच्या निकालावर कराराची वैधता अवलंबून ठेवता येत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट बघायची, तरी मिळाला नाही तर खेळाडूला करार मोडता येतो. म्हणून पगार बँकेतच घ्या, रोखीचा पुरावा राहत नाही. बाळंतपणासाठी किमान १४ आठवड्यांची पगारी रजाही २०२१ पासून फिफाच्या नियमांत आहे, निदान दोन तृतीयांश पगाराची. सही झाल्यावर स्वतःची प्रत मागून घ्या. ‘नंतर देतो’ हे उत्तर मान्य करू नका.

परदेशाची वाट आहे, पण अरुंद. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडे. दोघीही आधी राष्ट्रीय संघात पक्क्या झालेल्या होत्या. भारताने जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ हरवून २०२६ च्या आशियाई चषकात पात्रतेतून प्रवेश मिळवला, त्यामुळे बाहेरच्या क्लबांची नजर थोडी वाढेल. तरी पासपोर्ट अठराव्या वर्षी तयार असण्यापलीकडे त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

चौदा सामन्यांच्या नोकरीत उरलेले आठ महिने कसे भरायचे, हा त्याहून मोठा प्रश्न. राज्य लीग, राजमाता जिजाबाई करंडक या राज्यांच्या महिला संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठीचा राज्य संघ, आणि रेल्वे, सशस्त्र सीमा बल, पोलीस यांसारख्या खात्यांचे संघ. बहुतेक मुलींना शेवटी खात्याची नोकरीच स्थैर्य देते आणि त्यात कमीपणा काही नाही. एआयएफएफचा प्रशिक्षकाचा डी परवाना विशीतच काढून ठेवला तर शाळांत प्रशिक्षक म्हणून हंगामाबाहेर काम मिळतं.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. तिथे नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, स्पर्धेचा तपशील आणि संघाची यादीही मागू शकतात, आणि सात-आठ वर्षांनी ती यादी कुणाकडेच सापडत नाही. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात व्यवस्थापकाकडून संघ यादी आणि निकालपत्राची सही-शिक्क्याची प्रत घ्या, आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. पावसाळी ओल लागू नये म्हणून साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरात, वरच्या फळीवर ठेवलं तरी पुरतं.